मॉडिफाय केलेली गाडी पासिंगला नेताना या चुका टाळा

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की आरटीओत गाडी दाखवून पुढची पाच वर्षं वाढवून घ्यायची. जुन्या पण मूळ अवस्थेतल्या गाडीला यात फार काही लागत नाही. मी गाड्या पासिंगला तयार करून द्यायचं काम करतोय तेव्हापासून अशा कितीतरी मारुती आणि सँट्रो निवांत पास झालेल्या बघितल्यात. अडकतात त्या 'थोडंसंच काम केलंय' वाल्या गाड्या.

कारण सोपं आहे. आरटीओचे साहेब हातात आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) घेऊन गाडीभोवती फिरतात आणि एकच गोष्ट बघतात, कागदावर आहे तेच समोर उभं आहे का. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेच सांगतं: कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी बदलायची नाही, आणि ज्या बदलाला परवानगी आहे तो आरसीवर चढवून घ्यायचा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केरळच्या एका प्रकरणात हेच बजावलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. प्रत्येकी, हे लक्षात ठेवा. 'एवढ्याशा गोष्टीला कोण विचारतंय' म्हणणाऱ्या पोरांच्या गाडीत असे चार-पाच बदल सहज निघतात.

आरसीवर नसलेलं सीएनजी किट

माझ्या डोक्यात सगळ्यात जास्त जाणारी चूक हीच.

एक गुरुजी आले, वॅगन-आर घेऊन. शनिवारची संध्याकाळ, सोमवारी अपॉइंटमेंट. गाडीत सीएनजी, आरसीवर नुसतं पेट्रोल. किट कुठल्याशा ओळखीच्या माणसानं स्वस्तात बसवलेलं. बिल नाही, किटच्या मंजुरीचा कागद नाही, सिलिंडर कुणाच्या गाडीतनं काढलेला तेही माहीत नाही. मी म्हटलं, गुरुजी, तारीख पुढं घ्या, मग बघू. त्यांना एजंटनं वेगळाच सल्ला दिला, "किट काढून ठेवा, पासिंग झालं की परत बसवा."

सोमवारी गाडी आरटीओच्या तपासणी ट्रॅकवर उभी. साहेबांनी बॉनेट उघडलं, तर गॅस भरायचा नोजल जागेवरच. एजंटच्या माणसानं त्याच्या तोंडात नुसतं रबराचं बूच कोंबलेलं. स्टिअरिंगशेजारी पेट्रोल-गॅसचं बटण तसंच, दिवा लावून बसलेलं. डिकीतलं कार्पेट उचललं तर पत्र्याला ब्रॅकेटची चार भोकं, कडा अजून चकचकीत. साहेबांनी विचारलं, "सिलिंडर कुठाय?" गुरुजी खरं बोलणारा माणूस. "घरी आहे, पलंगाखाली." त्यात गॅसही होता! पूर्ण भरलेल्या सिलिंडरमध्ये २०० बारचा दाब असतो, आणि हे वर झोपत होते.

गाडी नापास. मग किटचा उरलेला सगळा पसारा मुळापासून काढला, वायरिंग मूळ जागी आणलं, भोकं वेल्ड करून बुजवली आणि गाडी पुढच्या खेपेला नुसत्या पेट्रोलवर पास झाली. सिलिंडर भंगारात. स्वस्तातलं किट गुरुजींना चांगलंच महाग पडलं.

किट बसवायचंच असेल तर मान्यताप्राप्त केंद्रातूनच बसवा. तिथून किटचं मंजुरीपत्र, सिलिंडरचं प्रमाणपत्र आणि बिल हातात घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्या. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेला विचारा, आणि विमा कंपनीला कळवायला विसरू नका. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी. मी गाडी हातात घेतली की पहिल्यांदा सिलिंडरच्या गळ्यावरचा नंबर आणि चाचणीची तारीख वाचतो. रंग फासून ते झाकलेलं असेल तर त्या गाडीला मी पुढं हात लावत नाही.

दिवे

एच-फोर हॅलोजनचा मूळ बल्ब ६०/५५ वॉटचा. मागचा रिफ्लेक्टर त्या बल्बची तार जिथं असते तो बिंदू धरून बनवलेला असतो. तिथं बाजारातला एलईडी किंवा एचआयडी बसवला की उजेडाचा उगम सरकतो आणि लो बीमचा उजेड वर जिथं कापला जातो ती रेघच नाहीशी होते. सगळा उजेड समोरच्याच्या डोळ्यात. चालवणाऱ्याला वाटतं काय झकास दिसतंय! दुसरे शहाणे १००/९० चा बल्ब घालतात, तेही मूळ वायरिंगवर, रिले (जादा करंट झेलणारा स्विच) न लावता. काही महिन्यांत होल्डर वितळून बल्बला चिकटतो. असे तपकिरी झालेले होल्डर माझ्याकडं डबाभर पडलेत.

मी संध्याकाळी गाडी शटरसमोर पंचवीसेक फुटांवर सपाट जागेत लावतो, लो बीम टाकतो. शटरवर डावीकडं किंचित चढणारी स्पष्ट रेघ दिसली पाहिजे. दिसली नाही तर मूळचे बल्ब. टपावरचा एलईडी बार काढायचा म्हणजे काढायचाच. "कव्हर घातलं तर चालेल का?" असं दर वेळी कुणीतरी विचारतंच. नाही चालत.

चेसिस नंबरला ग्राइंडर

पोरं हौसेनं खालून अंडरबॉडी कोटिंग मारून घेतात, त्यात चेसिस नंबर, म्हणजे सांगाड्यावर कोरलेला गाडीचा ओळख नंबर, गाडला जातो. पासिंगला त्याचा पेन्सिलनं ठसा घ्यावा लागतो, मग ऐन वेळी आठवण होते. इथवर ठीक आहे. पण घाईवाले लगेच ग्राइंडरला वायर ब्रश लावतात, आणि अंक पुसट झाले की नंबरात छेडछाड केल्याचा संशय येतो. मग प्रकरण पासिंगपुरतं राहत नाही. थिनर, जुनं कापड, नायलॉनचा ब्रश आणि अर्धा तास, एवढंच लागतं. मी आदल्या दिवशीच ठसा घेऊन बघतो, प्रत्येक अंक सुटा वाचता आला पाहिजे. नंतर गंजू नये म्हणून बोटभर ग्रीस.

बाकीच्या चुकांवर फार बोलण्यासारखं नाही.

काचेची फिल्म घरीच काढा. नियम पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत यावा असा आहे. नियमात बसणारी फिल्म चालते म्हणणाऱ्या केरळ उच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालाचा स्क्रीनशॉट घेऊन ट्रॅकवर वाद घालणारे मी बघितलेत. ते अजून येरझाऱ्या घालतायत.

बुलबार, म्हणजे बंपरपुढचा लोखंडी दांडा, २०१७ च्या डिसेंबरपासूनच बाद. आत एअरबॅग असतील तर तो तसाही लावू नये.

गाडीचा रंग बदलला असेल, अगदी रॅप (वरून चिकटवलेली रंगीत फिल्म) असला तरी, आरसीशी जुळवा.

मडगार्डच्या बाहेर आलेले टायर नकोत. स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून टायर कुठं घासतोय का ते बघा. खाच १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर नवे घ्या, रुंद नव्हे, मूळ मापाचे.

म्युझिकल हॉर्न, फटाके वाजवणारा सायलेन्सर: काढा. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकला असेल तर पीयूसीत सापडाल. बीएस-४ पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे.

४१४१ चा 'दादा' आणि २१४ चा 'राम' केलेली पाटी भिंतीवर टांगा. गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटच लागते.

आणि अर्ज वेळेत करा. मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून फॉर्म २५ भरता येतो. एप्रिल २०२२ पासून वीस वर्षांपर्यंतच्या कारला नूतनीकरणाची फी ५००० रुपये आहे, आणि उशीर झाला तर महिन्याला ५०० वर. पर्यावरण कर वेगळा. थकलेली ई-चलनंही त्याच आठवड्यात भरून टाका, कारण काउंटरवर पोचल्यावर ती निघाली की तारीख परत पहिल्यापासून घ्यावी लागते.