टॉवर स्पीकर घरच्या हॉलमध्ये कसे लावावेत

जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर मी घरी आणले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी माझी निराशा झाली. तबल्यावर मध्यलयीतील तीनताल, म्हणजे सोळा मात्रांचा ताल, चालू होता. ‘धा तिं तिं ता, ता’ या बोलांत दहाव्या मात्रेपासून तेराव्या मात्रेपर्यंत डग्ग्याचा, म्हणजे जोडीतल्या खर्जाच्या तबल्याचा, घुमारा थांबतो आणि त्यामुळेच ‘खाली’, म्हणजे तालातला टाळीविना जाणारा भाग, ओळखू येते. माझ्या हॉलमध्ये मात्र नवव्या मात्रेचा घुमारा पुढच्या मात्रांवरही रेंगाळत राहिला आणि ‘भरी’ (टाळीचा भाग) कुठे, ‘खाली’ कुठे, हे कळेनासे झाले. दुकानातल्या ऐकण्याच्या खोलीत याच जोडीवर हेच वादन स्वच्छ ऐकू आले होते. दोन आठवडे मी अ‍ॅम्प्लिफायरला आणि केबलला दोष दिला. प्रत्यक्षात दोष होता तो स्पीकर ठेवलेल्या जागेचा, आणि तो एकही रुपया न खर्चता बराचसा दूर झाला.

स्पीकर हलवण्यापूर्वी खोलीचे गणित करून ठेवावे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक खर्जाचे स्वर अडकून फुगतात. त्यांतला सर्वांत खालचा काढायचा असेल, तर ५६५ या आकड्याला त्या भिंतींमधील फुटांनी भागावे. माझा हॉल १४ फूट लांब, ११ फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आहे. म्हणजे हे स्वर अनुक्रमे सुमारे ४०, ५१ आणि ५९ हर्ट्झवर येतात, आणि त्यांच्या दुपटींवरही तसाच फुगवटा असतो. लहान स्पीकर ४० हर्ट्झपर्यंत धड उतरतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा दोष झाकलेला राहतो; टॉवर स्पीकर मात्र तिथपर्यंत जोमाने उतरतात आणि खोलीची प्रत्येक खोड उघडी पाडतात. खोलीचे एक माप दुसऱ्याइतकेच किंवा त्याच्या दुप्पट असेल, तर फुगवटे एकमेकांवर चढतात. अशा चौकोनी दहा बाय दहाच्या खोलीत फार मोठा स्पीकर नेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्पीकर अजून घ्यायचे असतील, तर माहितीपत्रकातला एक आकडा नीट वाचावा. संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर स्पीकर किती मोठ्याने वाजतो तो आकडा, बहुधा २.८३ व्होल्टला आणि एक मीटर अंतरावर दिलेली असते. हा विद्युतदाब ८ ओहम रोधाच्या स्पीकरला एक वॉट देतो, तर ४ ओहमच्या स्पीकरला दोन वॉट. म्हणून ४ ओहमचा ‘९० डेसिबल’चा स्पीकर एका वॉटच्या हिशेबाने ८७ डेसिबलचाच ठरतो आणि अ‍ॅम्प्लिफायरकडून दुप्पट विद्युतप्रवाह मागतो. बाकी कागदावरच्या गोष्टींना मी फारसे महत्त्व देत नाही.

आता प्रत्यक्ष मांडणी. स्पीकरखालचे अणकुचीदार खिळे सुरुवातीला लावूच नयेत. जुनी सतरंजी किंवा घोंगडी घडी करून तळाखाली घालावी, म्हणजे तीस-चाळीस किलोंची पेटी फरशीवर एकट्यालाही बोटबोटभर सरकवता येते. पहिली जागा म्हणून वूफर (खर्ज वाजवणारा मोठा पडदा) मागच्या भिंतीपासून अडीच ते तीन फुटांवर आणि बाजूच्या भिंतीपासून सुमारे दोन फुटांवर येईल असे पाहावे. मात्र ही दोन्ही अंतरे सारखी ठेवू नयेत. मागच्या भिंतीवर आपटून परतलेला आवाज वूफरच्या आवाजाला एका विशिष्ट स्वरावर खोडून काढतो. अंतर तीन फूट असेल, तर हा खड्डा सुमारे ९४ हर्ट्झवर पडतो आणि अंतर कमी केले की तो वर सरकतो. दोन्ही अंतरे सारखी असली, तर दोन्ही भिंतींचे खड्डे एकाच जागी पडून तिथला स्वर पार पोकळ होतो.

त्यानंतर ओळखीचे तबलावादन लावून स्पीकर एका वेळी दोन इंच पुढे घ्यावेत आणि प्रत्येक जागी फरशीवर मास्किंग टेपची खूण करून तिच्यावर क्रमांक लिहावा. माझ्याकडे अशा अकरा खुणा झाल्या. तिसऱ्या खुणेवर डग्गा भरदार पण गढूळ होता, नवव्या खुणेवर तो सुटा झाला, पण गायकाचा आवाज बारीक वाटू लागला. शेवटी सातवी खूण कायम झाली. ती मागच्या भिंतीपासून ३४ इंचांवर आहे. घरच्यांच्या दृष्टीने ३४ इंच म्हणजे हॉलच्या मधोमध, याची मला कल्पना आहे. इतकी जागा सोडता येत नसेल आणि स्पीकरच्या मागे हवेचे भोक असेल, तर त्यात फोमचे बूच बसवून पाहावे. काही उत्पादक ते सोबतच देतात. त्याने खर्ज थोडा कमी होतो, परंतु घुमारा आवरतो.

ऐकणाऱ्याची जागाही तितकीच बोलते. आपल्याकडे सोफा बहुतेक वेळा भिंतीला चिकटलेला असतो आणि भिंतीपाशी खर्ज सर्वांत जास्त फुगतो. सोफा नुसता दीड फूट पुढे ओढल्याने होणारा फरक मी महागड्या केबलने कधी ऐकलेला नाही. लांबीच्या बरोबर मध्यावर मात्र बसू नये, कारण तिथे सर्वांत खालचा स्वर जवळजवळ नाहीसा होतो. दोन्ही स्पीकरमधील अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून आपल्या डोक्यापर्यंतचे अंतर साधारण सारखे असावे, ट्वीटर (बारीक, उंच स्वर वाजवणारा छोटा पडदा) कानाच्या उंचीवर यावा, आणि डावे-उजवे अंतर टेपने मोजून एका सेंटिमीटरच्या आत जुळवावे.

स्पीकर आतल्या बाजूला किती वळवायचे, हे ठरवण्यासाठी जुने मोनो ध्वनिमुद्रण फार उपयोगी पडते. १९३७ साली निधन झालेल्या किराणा घराण्याच्या गायक अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेले गाणे लावावे. दोन्हीकडे एकच आवाज जात असल्याने तो दोन्ही स्पीकरच्या मधोमध, एका माणसाच्या तोंडातून आल्यासारखा ऐकू यायला हवा. तो पसरट वाटला, तर स्पीकर थोडे थोडे आत वळवावेत. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची गुणगुणती झणक, टोचू लागली, तर पुन्हा बाहेर. आवाज मध्यावर येतच नसेल आणि खर्जही पातळ वाटत असेल, तर आधी तारा तपासाव्यात, कारण एका बाजूला लाल-काळ्याची अदलाबदल झालेली असण्याचा दाट संभव असतो. अर्धी संध्याकाळ वाया घालवल्यावर हा शोध मलाही लागला आहे.

गॅलरीची काच आणि समोरचा मोकळा पॅसेज यांमुळे डावी-उजवी बाजू सारखी नसते, ही फ्लॅटमधली नेहमीची अडचण. इथे आरशाची युक्ती करावी. आपण ऐकण्याच्या जागी बसावे आणि दुसऱ्या कोणीतरी हातआरसा बाजूच्या भिंतीवरून, ट्वीटरच्या उंचीवर, हळूहळू सरकवत न्यावा. आरशात ट्वीटर दिसेल त्या जागी आवाज आपटून आपल्याकडे येतो. तिथे जाड पडदा किंवा भरलेले पुस्तकांचे कपाट हवे. स्पीकर आणि सोफा यांच्यामधल्या उघड्या टाइलवर जाडसर गालिचा टाकावा. झांजांचा कर्कशपणा त्यानेच निम्मा उतरतो.

निवाडा करताना डोळे मिटावेत. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ साली मांडलेल्या प्रयोगात स्पीकर डोळ्यांना दिसत असताना श्रोत्यांची मते बदलली, आणि स्पीकरच्या जागेमुळे पडणारा फरक त्यांना कमी जाणवू लागला. दोन स्पीकरची तुलना करताना आवाजाची पातळीही जुळवून घ्यावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला भासतो.

जागा पक्की झाल्यावर खिळे बसवावेत. टाइलवर त्यांच्याखाली धातूच्या चकत्या घालाव्यात, नाहीतर फरशीवर ओरखडे उमटतात. पाणसळ ठेवून पेटी सरळ करावी, मग वरून हलकेच ढकलून पाहावे आणि डुगडुगणारा चौथा खिळा टेकेपर्यंत फिरवावा. शेवटी मागच्या भिंतीपासून, बाजूच्या भिंतीपासून आणि सोफ्यापासूनची अंतरे एका कागदावर लिहून तो कागद स्पीकरच्या पाठीला चिकटवावा. दिवाळीच्या साफसफाईत स्पीकर हलतात, टेपच्या खुणा फिनाइलच्या पाण्याने निघून जातात, आणि ३४ इंच होते की ३६, यावर घरात कोणाचेच एकमत होत नाही.