पार्सलने आलेली अंडी लगेच मशीनमध्ये घालू नका

उन्हाळा चढायला लागलाय, त्यामुळे ज्यांना बाहेरून पार्सलने कोंबडीची उबवणीची अंडी मागवायचीयत त्यांनी आत्ताच मागवा, नाहीतर सरळ ऊन उतरेपर्यंत थांबा. कारण अंडं साधारण 21 अंशाच्या वर गेलं की आतला जीव हळूहळू वाढायला लागतो, आणि तापलेल्या गाडीत दोन दिवस पडून राहिलं तर तो अर्धवट वाढून तिथंच मरतो, वरून मात्र अंडं एकदम छान दिसतं. पाठवणाऱ्याला सांगा की ताजी अंडी द्या, उबवणीच्या मशीनमध्ये (इनक्युबेटरमध्ये) जाईपर्यंत 7 दिवसांच्या पुढं जायला नकोत, वाटेतले दिवस धरून.

पार्सल आलं की सगळ्यांना घाई होते, पण एक दिवस कळ काढा. तडकलेली, गळणारी अंडी बाजूला काढा, कारण एक सडलं तर बाकीचीही नासवतं. धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसू पण नका, कवचावर जो नैसर्गिक थर असतो तोच जंतूंना अडवतो. निमुळतं टोक खाली आणि रुंद टोक वर करून ट्रेमध्ये लावा आणि घरातल्या साध्या तापमानाला 12 ते 24 तास ठेवा. गार अंडं एकदम गरम मशीनमध्ये गेलं की त्याला घाम सुटतो आणि त्या ओलीतून जंतू आत शिरतात. तोवर मशीन चालू करून तापमान स्थिर होतंय का बघा, फॅनवालं असेल तर 37.5, बिनफॅनचं असेल तर अंड्याच्या वरच्या पातळीला 38.5 च्या आसपास, आणि थर्मामीटर दुसऱ्या एखाद्या चांगल्या थर्मामीटरशी ताडून बघाच.

आता मुख्य गोष्ट. अंधार करून टॉर्च रुंद टोकाला लावा. तिथं हवेची पोकळी दिसते. अंडं थोडं कलंडवलं तरी तिची कड जागेवर राहिली तर अंडं नीट आलंय. पण कड हलली, किंवा गवंड्याच्या लेव्हलच्या नळीतला बुडबुडा सरकतो तशी पोकळी इकडं तिकडं पळाली, तर वाटेतल्या हादऱ्यांनी आतला पडदा सुटलाय. असं अंडं फेकू नका! पेन्सिलने खूण करा, उभंच ठेवा आणि पहिले 4-5 दिवस अजिबात फिरवू नका, ऑटोमॅटिक टर्नर असेल तर तोही बंद. मग ट्रेच एका बाजूला 45 अंश, पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूला असा दिवसातून निदान तीनदा कलता करा. आडवं पाडून लोळवायचं नाही. धड आलेली अंडी दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारखी फिरवली तरी चालतात.

मशीनमधल्या हवेतला ओलावा 18 व्या दिवसापर्यंत 45-50 टक्के पुरे, अंड्याचं वजन तोवर 12-13 टक्के घटायला हवं. 7 व्या दिवशी परत टॉर्च लावा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या की जीव आहे, नुसतं लाल कडं दिसलं तर गेलाय. अगदी कोरं दिसणारं अंडं फोडून बघा, आणि त्यावरून लगेच पाठवणाऱ्याशी भांडू नका, कारण फलित असून वाटेत गेलेलं अंडंही टॉर्चमध्ये कोरंच दिसतं.

18 व्या दिवशी फिरवणं बंद, ओलावा 65-70 टक्के, झाकण बंद. पोकळी सुटलेली अंडी उभीच उबू द्या. 21 व्या दिवसाच्या आसपास पिल्लू कवच फोडतं, पहिलं भोक पडल्यावर पुढं बारा-पंधरा तास, कधी त्याहून जास्त वेळ काहीच होत नाही असं वाटतं, पण आत ते श्वास घेतंय, बलक पोटात ओढून घेतंय. झाकण उघडलं की ओलावा पडतो, पडदा वाळून पिल्लाला चिकटतो आणि ते तिथंच अडकतं, म्हणून कितीही जीव खालीवर झाला तरी हात घालू नका. बाहेर आलेली पिल्लं बलकावर दोन दिवस आरामात राहतात, वाळून फुलली की मग काढा. (बदकाला 28 दिवस, लावेला 17-18, त्या हिशोबाने फिरवणं बंद ठेवायचे शेवटचे 3 दिवस धरा.)

पार्सलच्या अंड्यांतून निम्मी पिल्लं निघाली तरी चांगलं समजा, आणि मागवतानाच तेवढी जास्त मागवा. खुडूक कोंबडी तयार असेल तर काही अंडी तिच्याखाली पण घाला, लाईट गेली तरी तिची ऊब जात नाही.