साताऱ्याहून इटलीतल्या टस्कनीला: दोघांसाठी भाड्याची गाडी

साताऱ्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. फी १००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ लायसन्सही सोबत लागतंच.

यवतेश्वर घाटाची सवय असेल तर टस्कनीची वळणं जड जाणार नाहीत, पण तिथे उजवीकडून चालवायचं. त्यामुळे गाडी ऑटोमॅटिकच घ्या, आणि आधी बुक करून. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. दोघंही चालवणार असाल तर दुसरं नाव करारात घाला, नाहीतर विमा अडतो.

खरा फटका बसतो तो झेडटीएलचा, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाचा. फ्लोरेन्स, सिएनाच्या जुन्या भागात लाल वर्तुळाच्या पाटीपलीकडे परवानगीशिवाय गेलात की कॅमेरा नंबर टिपतो. दंडाचं पत्र काही महिन्यांनी थेट घरी येतं, शिवाय पोलिसांना तुमचा पत्ता कळवल्याचे पैसे भाडेकंपनी वेगळे कापते. गाडी बाहेरच लावून चालत जा. पार्किंगच्या निळ्या रेषा पैशांच्या, पांढऱ्या बहुधा फुकट, पिवळ्या राखीव.

टोलनाक्यावर टेलीपासची (तिथल्या फास्टॅगची) पिवळी लेन तेवढी टाळा. पंपावर 'गासोलिओ' म्हणजे डिझेल. पेट्रोल समजून भरलं की इंजिन बंद पडतं. टाकीच्या झाकणावरचं लेबल आधी वाचा.