प्रवासातलं अर्धवट विणकाम घरी आणताना

राजीनामा दिला की पहिला विचार येतो, जाण्यायेण्याचे रोजचे तीन तास वाचले, आता घरी निवांत विणू. मग अर्धा स्वेटर पिशवीत जातो आणि तिथेच राहतो. मी लांबच्या प्रवासाच्या तीन नोकऱ्या सोडल्या आणि तिन्ही वेळा सुईवर काहीतरी अर्धवट होतं. म्हणून सांगते, हे काम नोटीस पिरियडमध्येच हातात घ्या.

१. प्रवासाच्या एका फेरीत विणकामाच्या किती ओळी होतात ते मोजा आणि उरलेल्या फेऱ्यांनी गुणा. त्यात बसेल तेवढंच प्रवासात विणायचं. नवीन काही सुरू करायचं नाही.

२. शेवटच्या आठवड्यात एक अख्खा भाग संपवून थांबा. स्वेटरची पाठ विणून झाली असेल तर पुढच्या भागाच्या दहा ओळी घालून ठेवू नका.

३. चिठ्ठी लिहून पिशवीत टाका: सुईचा नंबर, एकूण टाके, कितवी ओळ, पुढची ओळ सुलट की उलट. लक्षात राहत नाही, लिहाच.

४. आता खरं अवघड काम. तुमचा हात घरी बदलतो. गर्दीत कोपर अंगाशी धरून, धक्के सांभाळत विणताना धागा घट्ट ओढला जातो. घरी खुर्चीत टेकून बसलं की तोच हात सैल पडतो, आणि विणताना ते अजिबात कळत नाही.

माझ्या एका स्वेटरची पाठ सगळी प्रवासात झाली, पुढचा भाग घरी. दोन्हीला 100 टाके, तीच लोकर, तीच 4 मिलिमीटरची सुई. शिवायला घेतलं तर पाठ 45.5 सेंटिमीटर आणि पुढचा भाग 50. पाठीला 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके बसत होते, पुढे 20. दोनच टाक्यांचा फरक, पण बाजूची शिवण काही केल्या जुळेना. अख्खा पुढचा भाग उसवला.

‘धुतलं की सगळं सारखं होतं’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. लोकर ओली करून टाचण्या लावून वाळवली तर थोडी सरकते, पण साडेचार सेंटिमीटर तशी जिरवता येत नाहीत. ॲक्रिलिक तर त्याहून कमी ऐकतं. आणि ‘जरा घट्ट विणा’ हाही सल्ला कुचकामी आहे. मुद्दाम आवळलेला हात अर्ध्या तासात परत सैल होतो आणि कापडावर पट्टे दिसतात. हात आहे तसा चालू द्या, सुई बदला.

ते असं. घरी, रोज बसणार त्याच जागी, किमान 15 सेंटिमीटर रुंदीचा नमुना विणा. सपाट ठेवा, न ताणता मधल्या 10 सेंटिमीटरमधले टाके मोजा, अर्धा टाकासुद्धा. कडेचे मोजू नका, ते फसवतात. प्रवासात विणलेला भाग अजून धुतला नसेल तर नमुनाही न धुताच मोजायचा. एक धुतलेला आणि एक कोरा, अशी तुलना होत नाही. टाके कमी भरले तर सुई पाव किंवा अर्धा मिलिमीटर बारीक घ्या. जास्त भरले तर जाड. आकडा जुळेपर्यंत नमुने करा. मला एकदा तीन करावे लागले.

भाग मध्येच सोडावा लागला असेल तर घरची पहिली ओळ घालण्याआधी सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा बारीक, गुळगुळीत सुती दोरा ओवून ठेवा. 15 ओळी विणून कापड उजेडात धरा. जोड दिसला तर बेधडक उसवा, दोऱ्याशी येऊन टाके थांबतात.

५. बाह्या राहिल्या असतील तर दोन गुंडे घेऊन दोन्ही एकाच लांब गोल सुईवर (दोन टोकं लवचीक तारेने जोडलेली सुई) शेजारीशेजारी विणा. हात पुढे बदलला तरी दोन्ही बाह्यांत सारखाच बदलेल.