घरातलं पहिलंच पोरगं कॉलेजात आलंय, वर्गात आपण काय करायचं?

एफवायच्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या, पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर एकच शब्द लिहिते, एटीकेटी. म्हणजे काय विचारलं की ज्यांचे ताई-दादा शिकलेत ती हसतात, बाकीची वहीत बघतात. वहीत बघणारी लक्षात ठेवायची, पण उभं नाही करायचं. माझ्या वर्गातला इंदापूरकडचा एक मुलगा पहिल्या सेमला एका विषयात उडाला आणि यायचाच बंद झाला, त्याला वाटलं दहावीसारखं नापास, वर्ष गेलं. विषय मागे ठेवून पुढे जाता येतं, यालाच एटीकेटी म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, मी पण नाही.

त्यामुळे आता सगळं उघड सांगते. इंटरनल किती मार्कांचं, सबमिशन कधी, जर्नल कसं दिसतं (मागच्या वर्षीचं एखादं चांगलं जर्नल नाव झाकून वर्गात फिरवायचं, तासभर बोलण्यापेक्षा बरं).

"शंका असेल तर स्टाफरूममध्ये या" याला काही अर्थ नाही हो. ती पोरं दाराबाहेर चपला काढून उभी राहतात, आत चार सर चहा पीत बसलेले दिसले की परत जातात. म्हणून पहिल्या महिन्यात प्रत्येकाने वहीवर सही घ्यायला यायचंच, असा नियम करा. सही हे निमित्त, एकदा आत आलं की दुसऱ्यांदा येतं.

भाषेचं तर विचारूच नका, पुण्यात कुणी "न्हाई कळलं" म्हटलं की मागून खसखस पिकते. तास संपताना पाच मिनिटं चिठ्ठ्या घ्यायच्या, नाव नको, आज काय डोक्यावरून गेलं तेवढं लिहा. आणि त्यांना जे येतं ते वर्गात आणा. इलास्टिसिटी (भाव बदलला की मागणी किती बदलते ते) शिकवताना मी मीठ आणि टोमॅटो घेते, तर एकाने मार्केट यार्डातली वडिलांची पट्टी (माल विकल्याच्या हिशेबाचा कागद) आणली, हमाली-तोलाई जाऊन हातात काय उरतं ते त्यानेच फळ्यावर मांडलं, मी मागे बसून ऐकलं!

महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर, एक तास घालवाच. फॉर्म दरवर्षी भरायचा असतो, बँकेचं खातं आधारला जोडलेलं लागतं, आणि राजर्षी शाहू शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा 8 लाख आहे हे कितीतरी जणांना माहीतच नसतं. बऱ्याच जणांचा पासवर्ड गावच्या सायबर कॅफेवाल्याकडे असतो, तो आधी बदलून घ्यायला लावा. कमवा आणि शिकामधली पोरं असतील तर जादा तास कामाच्या वेळेत नको.

घरी फोन पोरगं चांगलं करतंय तेव्हा पण करा. मी एकदा केला, प्रेझेंटेशन झकास झालं म्हणून, तर त्याची आई पाच मिनिटं एकच विचारत होती, "काय केलं वो त्यानं?"