वेताळ कोणी काढलाय? जुनं इंद्रजाल कॉमिक हाती लागलं तर ते कसं वाचावं

आधी हात धुवा आणि चांगले कोरडे करा. पांढरे हातमोजे वगैरे घालू नका. मोज्यातल्या बोटांना कागद कळत नाही, आणि घडीपाशी जीर्ण झालेलं पान नेमकं तिथेच फाटतं. मग अंक टेबलावर ठेवून मधलं पान उघडा आणि पिना बघा. पिनांभोवती तपकिरी डाग असेल तर गंज कागदात उतरलाय. असा अंक सपाट उलगडायचा नाही, पाठीखाली दोन्ही बाजूंना एकेक पुस्तक ठेवून अर्धवट उघडाच वाचायचा.

ही काळजी कशासाठी, तर हा कागद टिकावा म्हणून कोणी बनवलेलाच नव्हता. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, कागद आम्लधर्मी होतो आणि कडा पापडासारख्या तुटायला लागतात. गेलेला पांढरेपणा परत आणता येत नाही. उन्हात ठेवून तर अजिबात नाही. हे सांगावं लागतं, कारण मी ते केलंय.

आता वाचायचं. पण पहिल्यांदा संवादाचे फुगे वाचू नका.

हे जमायला मला फार दिवस लागले. लहानपणी दादा अंक आणायचा, आधी तो वाचणार, मग मी, त्यामुळे हाती आल्यावर मी गोष्टच गिळायचे. चित्र कोणी काढलं हा प्रश्न कधी पडला नाही. वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, जंगलातला मुखवटाधारी नायक. तर वेताळ हा वेताळच, त्याला कोणी काढतं हेच डोक्यात नव्हतं. पण दोन वेगळ्या वर्षांचे अंक शेजारी ठेवलेत तर तो एक माणूस नाही हे लगेच दिसतं. एकात तो लाकडी बाहुल्यासारखा उभा असतो, रेघ बारीक, चेहरे गोलसर, मागे जेमतेम एखादं झाड. दुसऱ्यात मुखवट्याखाली गालावर काळीभोर सावली, दंडावर ताणलेली घडी, आणि जंगल म्हणजे सरळ शाईचे फटकारे. पहिला बहुधा विल्सन मॅककॉयचा, दुसरा सी बॅरीचा. मॅककॉयने 1940च्या दशकापासून 1961पर्यंत वेताळ काढला. त्याच्यानंतर थोड्याच काळात बॅरी आला आणि 1994पर्यंत टिकला. मॅककॉयच्याही आधी रे मूर होता, 1936 साली वर्तमानपत्रात वेताळाची चित्रपट्टी सुरू झाली तेव्हापासूनचा. धुरकट सावल्या आणि अर्धवट मिटलेले डोळे दिसले की तो आठवावा. या तिघांच्याही हाती गोष्ट मात्र एकाच माणसाची, ली फॉकची. जादूगार मॅन्ड्रेकसुद्धा त्याचाच. तो वेताळाच्याही आधीचा, 1934चा.

ओळखायची माझी पद्धत साधी आहे. चेहरा बघू नका, चेहऱ्याची नक्कल कोणीही करतं. हात, बूट आणि झाडं बघा. घाईत माणूस जिथे लक्ष देत नाही तिथेच त्याची सवय दिसते. बॅरीच्या बाबतीत एक पथ्य पाळा. त्याच्या हाताखाली मदतनीस होते, म्हणून सगळं श्रेय त्याला देऊन मोकळं होऊ नका. शाई दमदार आणि पेन्सिल थोडी वेगळी वाटली तर तुमचा डोळा बहुतेक बरोबर सांगतोय.

दुसरी गंमत सांध्यांची. या गोष्टी मुळात वर्तमानपत्रात रोज एक पट्टी अशा छापून आलेल्या. पट्टीत तीन-चार चौकटी. शेवटच्या चौकटीत काहीतरी अडकवून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या चौकटीत कालचं थोडक्यात पुन्हा सांगायचं. इंद्रजालमध्ये या पट्ट्या जोडून, कापून, कधी चौकट गाळून पानं लावली जायची. एखाद्या पानाची झेरॉक्स काढा (मूळ अंकावर पेन्सिलही नको) आणि जिथे कोणी दचकून मागे वळतं तिथे खूण करा. पुढच्याच चौकटीत तेच वाक्य जरा फिरवून आलं तर सांधा सापडला. एकदा हे दिसलं की ज्या गोष्टी लहानपणी उगाच रेंगाळल्यासारख्या वाटायच्या त्या का रेंगाळतात ते कळतं. त्या आपण वीस मिनिटांत वाचत होतो, लिहिल्या होत्या महिनोनमहिने पुरवून वाचण्यासाठी.

इथे बसून केलेले बदलही शोधा. इंद्रजाल मार्च 1964मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनाने सुरू केलं. मुळातल्या वेताळाच्या देशाचं नाव बंगालची आठवण करून देणारं, म्हणून आपल्याकडे त्याचं डेंकाली झालं. मुळातले सिंग चाचे झाले सिंगा. कोणीतरी टेबलाशी बसून एकेक फुगा तपासला असणार, आणि त्या माणसाविषयी मला ली फॉकपेक्षा जास्त कुतूहल आहे.

मग भिंग घ्या. वेताळाच्या जांभळ्या कपड्यावर धरा. ठिपके दिसतील, आणि निळ्या-लाल ठिपक्यांची ओळ जरा सरकलेली असेल तर जांभळा रंग दंडाबाहेर सांडलेला दिसेल. छपाईतली ती चूक मला फार आवडते. खरं तर फॉकच्या मनात करडा पोशाख होता, पण 1939मध्ये रविवारची रंगीत पानं सुरू झाली आणि त्याला जांभळा मिळाला. इटलीत तोच वेताळ लाल कपड्यांत हिंडतो.

इंद्रजालमधल्याच बहादूर या भारतीय नायकाचे अंक सापडले तर ते बाजूला काढून सावकाश वाचा. 1976मध्ये आबिद सुरतींनी तो लिहायला घेतला आणि चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांनी काढली. इथे पट्टी कापून जोडायची नव्हती, गोष्ट पानासाठीच रचलेली. चौकटींचे आकार बघा, फरक कळेल. आणि डोळा तयार करायचा असेल तर अमर चित्र कथेपासून सुरुवात केलेली बरी, कारण तिथे चित्रकाराचं नाव आत छापलेलं असतं. राम वाईरकरांचा ‘कृष्ण’ आणि प्रताप मुळीकांचं कुठलंही एक पुस्तक घ्या, नावं झाका, आणि ओळखायचा खेळ खेळा.

ठेवण्याबद्दल थोडक्यात. पॉलिप्रोपिलीनच्या किंवा पॉलिएस्टरच्या पिशव्या घ्या, पीव्हीसीच्या नकोत. मागे आम्लरहित पुठ्ठा. अंक उभे ठेवा, पण झुकणार नाहीत इतके जवळ. रबरबँड लावू नका. सेलोटेप तर कधीच नको, तिचा डिंक कागदात मुरून पिवळा डाग कायमचा राहतो. फाटलेलं फाटलेलंच राहू द्या, फारच वाटलं तर जपानी टिशू आणि गव्हाची खळ. अधूनमधून काढून पानं चाळा, म्हणजे कसर लागली असेल तर वेळेत दिसते.

आणि बाइंडिंग करू नका. आमच्या दादाने बावीस अंक हौसेने एका जाड पुठ्ठ्यात बांधून घेतले. बाइंडरने कडा सरळ करायला यंत्राखाली घातले आणि वरची बोटभर पट्टी कापली. कित्येक फुग्यांच्या पहिल्या ओळीची शिरोरेषाच उडाली. अक्षरं दोरी तुटलेल्या कपड्यांसारखी सुटी लोंबतात. ‘घ’ आहे की ‘ध’, ‘म’ आहे की ‘भ’, ते अंदाजाने लावायचं. दादा तेव्हा दोन दिवस कोणाशी बोलला नव्हता. तो खंड आता माझ्याकडे आहे. उसवून सुटे अंक करावेत असं मनात येतं, पण पाठीला सरस इतका घट्ट बसलाय की पानं हाती येतील ती तुकड्यांनी. त्यातल्या एका गोष्टीत वेताळाची प्रेयसी डायना विमानाच्या दारातून वळून काहीतरी म्हणते आणि वेताळ पहिल्यांदाच खाली बघतो. ती काय म्हणाली ते कापलेल्या पट्टीत गेलं. तोच अंक न कापलेला मी अजून शोधतेय.