टीव्हीशेजारच्या स्पीकरचं चुंबक कसं आवरायचं

ही टीप जुन्या, काचेच्या पिक्चर ट्यूबच्या रंगीत टीव्हीसाठी आहे. एलईडीला याची गरज नाही. स्पीकरचं चुंबक ट्यूबमधल्या इलेक्ट्रॉनची वाट वाकवतं आणि पडद्याच्या कडेला हिरवे-जांभळे डाग उमटतात. आधी स्पीकर लांब सरकवा. अंतर दुप्पट केलं की चुंबकाचा जोर साधारण आठव्या हिश्श्यावर येतो. बहुतेकदा तेवढ्यानंच भागतं.

जागाच नसेल, तर बिघडलेल्या स्पीकरमधून तेवढ्याच किंवा किंचित लहान मापाचं चुंबक काढा. ते चालू स्पीकरच्या चुंबकामागे न्या. लांबूनच जी बाजू ढकलली जाते, तीच स्पीकरकडे यायला हवी, म्हणजे दोन्ही चुंबकांचा बाहेरचा जोर एकमेकांना खोडतो. खडूनं खूण आधीच करा, कारण अगदी टेकल्यावर मागच्या लोखंडी प्लेटमुळे उलटसुलट कळत नाही. बोटं सांभाळा, चिमटा जबर बसतो. एपॉक्सीनं चिकटवून रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवा. स्पीकरच्या चुंबकाला मागे हवेचं भोक असेल तर हा उपाय करू नका, ते बुजेल.

उरलेला जोर अडवायला वरून साध्या लोखंडाची जाड वाटी बसवा. पातळ पत्रा लवकर संपृक्त होतो, म्हणजे त्याहून जास्त चुंबकीय जोर तो अडवू शकत नाही. ॲल्युमिनियम निरुपयोगी, आणि स्टीलच्या पुष्कळ भांड्यांना चुंबक चिकटतच नाही, म्हणून तपासून घ्या.

पूर्वीचे डाग राहिले, तर टीव्ही मेन स्विचवरून अर्धा तास बंद ठेवून पुन्हा लावा. सुरू होताना आतली डीगॉसिंग कॉइल (ट्यूबला चिकटलेलं चुंबकत्व घालवणारं तारेचं वेटोळं) ते पुसते.